ओरखडा नसलेल्या आजाराचा डॉक्टर शोधताना

"तुम्हाला पीटीएसडी आहे," मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या केबिनच्या दाराकडं बघत होतो. दार बंद होतं आणि मला ते उघडं हवं होतं.

पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. त्यांनी समजावलं ते असं: एखादी भयंकर गोष्ट होऊन जाते, पण मेंदू ती संपली असं मानत नाही. त्याच्या हिशेबानं ती अजून चालूच असते. म्हणून तो अंगाला सारखा सांगत राहतो, पळ.

"पण साहेब, मला तर काहीच झालं नाही," मी म्हणालो. "लागलं ते दुसऱ्याला."

"बघणाऱ्यालाही होतो. गोळ्या देतो, त्यानं धडधड कमी होईल, झोप लागेल. पण याच्या जोडीला ट्रॉमा थेरपी लागेल, बोलून करायचा उपचार. तो मी करत नाही."

"मग कोण करतं?"

त्यांनी पेन थांबवून जरा विचार केला. "शोधावं लागेल," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हे सगळं लिहायला बसलो ते त्या 'शोधावं लागेल' या दोन शब्दांसाठी. आपल्या शहरात, आपल्या भाषेत हा माणूस शोधताना माझे सहा महिने गेले. कुणाचे तरी थोडे कमी जावेत.

मी सिद्धार्थ. बजाजनगरात राहतो. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो, चौदा वर्षं. बायको माया आशा सेविका आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये रफिक ऑपरेटर होता, माझा दोस्त. एकाच महिन्यात दोघं कामाला लागलो होतो. ईदचा शीरखुर्मा तिकडून यायचा, चौदा एप्रिलला तो आमच्याकडं जेवायला असायचा.

प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन, त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. त्या आठवड्यात रफिकच्या मशीनचं एक बटण बिघडलं होतं. नवीन यायला वेळ होता. शिफ्ट इन्चार्ज म्हणाले, "जंपर टाक रे, चालू दे तोवर." जंपर म्हणजे तारेचा तुकडा. तो लावला की मशीनला वाटतं दुसरं बटण दाबलेलंच आहे. मी तो लावला. पाच मिनिटांचं काम.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, रफिकच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी दहा फुटांवर होतो. प्रेस खाली येताना हवेचा फुस्स असा आवाज येतो. तो आला आणि त्याच्यामागून रफिकचा आवाज आला नाही. तो ओरडलाच नाही. माझ्याकडं बघून इतकंच म्हणाला, "सिद्धू, देख ना रे." हातमोजा मी उचलला. तो जड होता.

कंपनीच्या कागदावर लिहिलं गेलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. जंपर संध्याकाळच्या आत निघाला होता. तो मीच काढला. हे मी कुणालाच सांगितलं नाही, रोज घरी भेटायला जायचो त्या रफिकलाही नाही, मायालाही नाही.

पहिलं लक्षण महिन्याभरानं आलं. कंपनीची बस नाक्यावर थांबली, ब्रेकमधून हवा सुटली, फुस्स, आणि मी फुटपाथवर खाली बसलो होतो. कसा बसलो ते आठवत नाही. छातीत घोडे पळत होते. लोकांनी पाणी दिलं, कुणीतरी म्हणालं, ॲटॅक.

मग तपासण्या. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉइड. साखर. प्रत्येक खोलीबाहेर बाकडं, प्रत्येक बाकड्यावर मी एका कडेला बसलेला, एक पाय हलतोय. सगळं नॉर्मल आलं. नॉर्मल म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

बस सोडली. कंपनीत चालत जायला लागलो. घरात कुकर लावला की मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. जेवताना दोनदा उठायचो. कुणी मागून आलं की दचकून हात वर. चिडचिड इतकी की मायानं 'काय झालं' विचारणंच सोडलं. शेवटी तिनंच त्या मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं.

आता शोधाचं सांगतो.

पहिला पर्याय जवळचाच होता. आमच्या कारखान्यात आठवड्यातून एकदा एक समुपदेशक यायचे. गेलो. गृहस्थ चांगले होते, आवाज मऊ. त्यांनी एक फॉर्म पुढं केला. वाचत गेलो तर खाली ओळ होती, गरज पडल्यास माहिती व्यवस्थापनाला दिली जाईल.

"म्हणजे मी काय बोललो ते वर जाणार?"

"तसं नाही, फक्त कामासाठी फिट आहात का एवढंच."

जे पोटात होतं तेच तर वरच्यांपासून लपवायचं होतं. मशीनकडं काम निघालंय असं सांगून मी बाहेर पडलो.

मग फोन. रस्त्यात एका हॉस्पिटलची पाटी दिसली होती, ट्रॉमा सेंटर. मला वाटलं, सापडलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "हो, या ना, सकाळी ओपीडी असते." गेलो. नंबर लावला. बाकावर माझ्या एका बाजूला प्लास्टरमधला पाय, दुसऱ्या बाजूला प्लास्टरमधला हात. चितेगावहून आलेले एक काका मला न्याहाळून म्हणाले, "तुमचं काय मोडलं?"

मी म्हणालो, "समजंना झालंय."

आत हाडांच्या डॉक्टरांनी मला उभं करून वाकवून बघितलं. मग मी सांगितलं तेव्हा ते हसले, पण वाईट नाही हसले. आमच्याकडं ट्रॉमा म्हणजे अपघात, फ्रॅक्चर, असं म्हणाले. तुम्ही लक्षात ठेवा: फोनवर नुसतं 'ट्रॉमा' म्हणू नका. 'मानसिक आघातावर उपचार' म्हणा, आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का' असं विचारा. मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यासाठी त्यांचं वेगळं शिक्षण आणि सरकारी नोंदणी असते. समुपदेशक कुणीही पाटी लावून होतं. हे मला तिसऱ्या ठिकाणी कळलं.

ते तिसरं ठिकाण क्रांती चौकाच्या बाजूला होतं. पाटीवर लग्न, परीक्षा, व्यसन, स्मरणशक्ती, भीती, सगळंच होतं. भिंतीवर बरीच प्रमाणपत्रं. त्यांनी मला आडवं केलं, पडदे ओढले आणि सांगितलं, "डोळे मिटा. त्या दिवसात परत जा. काय दिसतंय? आवाज ऐका. अजून जवळ जा."

मी गेलो. माणूस डॉक्टरसारखा बोलला की आपण ऐकतो. आवाज ऐकला, हातमोजा उचलला. मग मला बाहेर यायचं होतं आणि वाट मिळेना. मी म्हणालो, "बस करा." ते म्हणाले, "पळू नका, सामना करा." मी उठलो, पडदा ओढताना रॉडसकट खाली आला, आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. खाली रस्त्याच्या कडेला उलटी झाली.

रिक्षात बसवेना, बसमध्ये तर नाहीच. भर दुपारी चालत निघालो. छावणी, नगर नाका, पुढं कुठंच न थांबता थेट बजाजनगर. पाय सुजले. पुढचे तीन आठवडे मी आधीपेक्षा वाईट होतो. मायाला म्हणालो, "मला काय बी नको आता. हाय ते ऱ्हाऊ दे."

ती म्हणाली, "हाय ते मला नाय ऱ्हाऊ द्यायचं."

चौथं, ऑनलाइन. पुण्याच्या एक बाई. शिकलेल्या, समजूतदार. पण आमची खोली म्हणजे शेजारच्यांचा टीव्ही आम्ही ऐकायचा आणि आमची भांडणं त्यांनी. मी फोन घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसलो. नेट तुटायचं, 'हॅलो, हॅलो, मला काय वाटलं असं विचारलंत का?' असं मी मोठ्यानं विचारायचो आणि शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबायच्या. तीन वेळा बोललो. तिसऱ्या वेळी त्याच म्हणाल्या, "सिद्धार्थ, तुम्हाला समोर बसलेला माणूस हवाय. मी पैशासाठी चालू ठेवणार नाही. पण शोधताना चार प्रश्न विचारा."

ते चार प्रश्न मायानं आपल्या लसीकरणाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले. आघातावर काम करायचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का. पहिल्या दिवशी काय करता. पेशंट थांबा म्हणाला तर थांबता का. बोललेलं कुणाला सांगता.

मग मायाच फोन करायला लागली. घरोघरी फिरून आली की चहा टाकायची, आणि चहा उकळेपर्यंत एक फोन. मी आतबाहेर करायचो. एकानं प्रश्न ऐकून फोन ठेवला. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही पेशंट की पत्रकार?" एक जण फार प्रामाणिक होते, "मी मुलांसोबत काम करतो, हे माझं काम नाही," असं सरळ म्हणाले. त्यांचे आभार.

मग तिला एका प्रशिक्षणात एक परिचारिका भेटली. ती म्हणाली, एक मॅडम आहेत, जळालेल्या बायकांसोबत काम करत होत्या, आता भडकल गेटजवळ स्वतःकडंच पेशंट बघतात. मायानं फोन केला आणि स्पीकरवर टाकला.

"पहिल्या दिवशी काय करता?"

"काही नाही. ओळख."

"आन ते थांबा म्हणले तर?"

"तर थांबायचं. त्यांचाच उपचार आहे ना."

माया फोन ठेवून म्हणाली, "या बाई कमी बोलत्यात. जाऊन बघू."

फरहत मॅडम पन्नाशीच्या. दातांच्या दवाखान्याच्या वर एक खोली, दोन खिडक्या. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "कुठं बसायला बरं वाटेल?" मला हे आधी कुणी विचारलं नव्हतं. मी दार दिसेल अशी खुर्ची घेतली. त्या म्हणाल्या, "दार उघडं ठेवू की बंद?" मी अर्धं म्हणालो. त्यांनी अर्धं ठेवलं.

खरं सांगतो, मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. नाव ऐकल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: या रफिकच्या मोहल्ल्यातल्या निघाल्या तर? त्याच्या घरच्यांना ओळखत असल्या तर? मी विचारलं, "मॅडम, तुम्ही राहायला कुठं?"

त्या हसल्या नाहीत. "कुणी ओळखीचं निघेल याची भीती आहे का?"

मी दाराकडं बघितलं.

"इथलं इथंच राहतं. दोनच वेळा मी गप्प बसणार नाही. तुम्ही स्वतःच्या जिवाचं काही करणार असाल तर, किंवा दुसऱ्याच्या. तेव्हाही आधी तुम्हालाच सांगेन. आणि मी कुणाला ओळखते असं निघालं, तर तेही तुम्हाला सांगेन. मग राहायचं का जायचं ते तुम्ही ठरवा."

त्या दिवशी अपघाताचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी काढायला गेलो तर म्हणाल्या, "आज नक्को. आधी परत यायचा रस्ता बनवू, मग तिकडं जाऊ." त्यांनी शिकवलं ते ऐकायला पोरखेळ वाटतं. छाती धडधडायला लागली की पाय जमिनीला दाबायचे. मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची. याला ग्राउंडिंग म्हणतात, म्हणजे मेंदूला आत्ताच्या जागेवर आणून उभं करणं. मी मनात म्हणालो, यासाठी एवढी पायपीट केली का? पुढच्या दोन वेळा मी गेलोच नाही. एकदा तर जिन्याच्या खालून परत फिरलो.

तिसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा वाटलं, बोलतील. त्या म्हणाल्या, "आलात. बसा." बस्स.

मग काम सुरू झालं. संथ. मला चीड यायची इतकं संथ. आधी मोबाइलवर बसच्या ब्रेकचा आवाज, बारीक करून. मग मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाहेर उभं राहणं, माया शेजारी. मग आत. मग एका उभ्या बसमध्ये चढून लगेच उतरणं. कंडक्टर वैतागला, "अहो काका, जायचंय का नाय?" माया म्हणाली, "हळूहळू जाणारेत." त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

आणि एका दुपारी मी जंपरचं सांगितलं. सांगताना मी खिडकीकडं बघत होतो. आदेश, तार, पाच मिनिटं, संध्याकाळी काढलेली तार, सगळं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, तुमची चूक नव्हती. तसं म्हणाल्या असत्या तर मी परत गेलो नसतो.

त्या म्हणाल्या, "तार तुम्ही लावली. लावायला सांगितलं दुसऱ्यानं. दोन्ही खरं आहे. यातलं एकही मी पुसणार नाही."

"मग मी काय करू? रफिकला सांगू?"

"ते मी नाही सांगणार. मी एवढंच बघेन, की जे कराल ते पळत सुटून करणार नाही."

दोन महिने मी पळत न सुटता विचार केला. माझ्यासारख्याला हे किती कठीण ते काय सांगू. मग आधी मायाला सांगितलं. ती बराच वेळ भांडी लावत राहिली. म्हणाली, "तरीच." नंतर म्हणाली, "जा त्याच्याकडं."

रफिक आता बिडकीनला भावाच्या दुकानात बसतो. मी एसटीनं गेलो, एकटा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. उभ्यानंच सांगून टाकलं.

तो डाव्या हातानं काउंटरवरचे चार्जर नीट करत राहिला. मग म्हणाला, "तू था क्या वो?" आवाज चढला नाही. "मेरे को लगा इन्चार्ज ने किसी से करवाया. तू रोज घर आता था, सिद्धू. रोज."

मी म्हणालो, "हौ."

"जा अभी."

मी निघालो. रस्त्यावर आलो आणि मागून हाक आली. तो दुकानाच्या पायरीवर उभा होता.

"एक काम कर. कोर्ट-बिर्ट बाद में. मेरे अब्बा को बोल. वो आज तक समझते, मैंच बेध्यान था. नमाज़ के बाद भी मेरे को वोच सुनाते."

अब्बा मागच्या खोलीत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ते ऐकताना माझ्याकडं नाही, रफिककडं बघत होते. मी थांबल्यावर ते कष्टानं उठले, रफिकजवळ गेले आणि त्याचा उजवा हात, जो तो कायम खिशात ठेवतो, तो बाहेर काढून स्वतःच्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. रफिक रडायला लागला तेव्हा मी बाहेर आलो. तिथं माझं काम नव्हतं.

नंतर मी कारखाना निरीक्षकांकडं लेखी जबाब दिला. नोकरी गेली, ते अपेक्षितच होतं. आता मोटारी आणि पंप दुरुस्त करतो, स्वतःचं. रफिकची नुकसानभरपाईची केस चालू आहे, माझा जबाब तिच्यात आहे. त्यानं मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. ईदला फोन आला होता. बोलणं एक मिनिटाचं झालं.

मी बरा आहे का? बसमध्ये बसतो. जेवण पूर्ण करून उठतो. कधी कधी अजून अंग पळ म्हणतं, पण आता मी त्याला विचारतो, कुठं?

एवढ्यावर थांबणार होतो, पण मागच्या महिन्यात माया चहा घेताना म्हणाली, "फरहत मॅडमकडं माझा नंबर लावा."

मला वाटलं, माझ्याबद्दल काही बोलायचं असेल. "मी नीट आहे ना आता," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी नाय. माझ्यासाठी. तुम्ही जिन्यात उभे ऱ्हायचे तवा मी कुठं उभी होते, कुणी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. इतके दवाखाने फिरलो, कितीतरी बाकांवर ती शेजारी होती, आणि एकाही डॉक्टरनं, एकाही कागदानं तिच्याबद्दल 'पेशंटची बायको' यापलीकडं काही लिहिलं नाही.

ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, त्यांना हे सांगायचं राहू नये. चार प्रश्न लिहून ठेवा. पहिलं दार चुकलं तर दुसरं बघा, तिसरं बघा. दार चुकतं, आपण नाही. आणि एक नंबर सोबत येणाऱ्याचाही लावा. फरहत मॅडमचे, पुण्याच्या बाईंचे, त्या परिचारिकेचे आभार मानतो. मायाचे आभार मानून भागणार नाही, हे मला उशिरा कळलं.

गुरुवारी तिला घेऊन गेलो. ती आत गेली, दार पूर्ण बंद करून घेतलं. मी बाहेरच्या खुर्चीत बसलो. अर्ध्या तासानं आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोठ्यानं, लहान मुलीसारखा. मी उठलो. मग परत बसलो. ती बाहेर येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.